दोन गाण्यांच्या मधलं

आमच्या घराची मागची भिंत आणि दापोडीच्या थिएटरचा पडदा यांच्यामध्ये एक बोळ होता. अण्णांची सायकल जेमतेम उभी राहील एवढीच त्याची रुंदी. थिएटर म्हणजे तरी काय, वर पत्रे, बाजूला विटांच्या भिंती आणि उकाड्यावर उपाय म्हणून उघडी ठेवलेली दारं. पडद्यामागे कपाटाएवढे स्पीकर होते. त्यांची तोंडं तिकीट काढलेल्या लोकांकडे आणि पाठ आमच्याकडे, म्हणजे साऱ्या दापोडीला सिनेमा पुढून मिळायचा आणि आम्हाला पाठीमागून. संवाद भिंतीतून येता येता मऊ भातासारखे होऊन जात. नायक बोलतोय की खलनायक, एवढंही कळत नसे. संगीत मात्र विटांना जुमानायचं नाही. त्यातही ढोल, झांजा आणि जाड आवाजाची व्हायोलिनं थेट स्वयंपाकघरात येऊन बसत.

आई घड्याळाकडे कधी बघायची नाही. तीनच्या खेळातली मारामारी सुरू होऊन फळीवरचे पितळी डबे थरथरले, की ती चहाचं आधण ठेवायची. सहाच्या खेळाला व्हायोलिनं रडायला लागली की भाकऱ्या थापायला घ्यायची. नवा सिनेमा लागला की आठवडाभर आमची जेवणं पुढेमागे होत, मग तिचा हात बसायचा. अण्णा कंपनीत फोर्ज शॉपला होते, म्हणजे तापलेल्या लोखंडावर घण पडतात त्या खात्यात. त्यामुळे असेल, तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात दुपारी पडद्यावर गोळीबार चालू असतानाही ते गाढ झोपलेले असायचे. इंटरव्हलला शांतता झाली की मात्र दचकून उठायचे आणि विचारायचे, "काय झालं?" आई चुलीपासून सांगायची, "काही नाही, इंटरव्हल." मग ते पुन्हा कूस बदलायचे.

मी त्या वर्षी आयटीआयला जात होतो आणि ओठावर मिसरूड फुटत होतं. त्याच सुमाराला मला सिंफनी हा शब्द एका जुन्या मासिकात सापडला. सिंफनी ऐकली एकही नव्हती, त्यामुळे त्या विषयावर बोलायला मला काहीच अडचण नव्हती. गल्लीतल्या कुणी एखाद्या गाण्याचं कौतुक केलं, की मी मान तिरकी करून म्हणायचो, "गाणं ठीक आहे, पण ऑर्केस्ट्रेशन?" हा शब्द त्यांना कळत नाही याचं मला समाधान वाटायचं. तो मलाही कळत नाही हे कुणी विचारलं नाही म्हणून निभावलं. पिंपरी कॅम्पातून आणलेला एक माऊथ ऑर्गन माझ्याजवळ होता. त्याचे दोन सूर बसलेले होते, ते आले की मी मान हलवून वेळ मारून न्यायचो.

अशात तो सिनेमा लागला आणि ठाण मांडून बसला. त्यातल्या नायिकेच्या झोपाळ्यावरच्या गाण्यानं सगळ्यांना वेड लावलं होतं. न्हाव्याच्या दुकानात तेच, बसच्या कंडक्टरच्या तोंडी तेच, आमच्या ताईच्या शिलाई मशिनच्या पायट्यालाही तोच ठेका. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. गाणं भिंतीतून सुरू झालं, की ती शिवण थांबवायची आणि संपलं की परत पाय मारायची. मी मात्र त्या गाण्याची वाट बघायचो ती ते संपावं म्हणून. कारण इंटरव्हलनंतर, पुढचं गाणं यायच्या आत, एक जागा यायची. आधी एकटा ढोल, अगदी सावकाश, दोन ठोक्यांमध्ये माणूस श्वास रोखून धरील इतका सावकाश. मग खालून जाड व्हायोलिनं. मग एक बासरी काहीतरी विचारल्यासारखी एकटीच वर जायची आणि परत यायची. आणि मग सगळी व्हायोलिनं एकदम उठायची, उठत राहायची, आता छप्पर फाटणार असं वाटेपर्यंत, आणि तिथेच तुटायची. शेवटी पुन्हा एक ठोका. या सगळ्यात संवादाचा एक शब्द नसायचा, त्यामुळे भिंतीतूनही ते लख्ख ऐकू यायचं. मी भिंतीला पाठ लावून बसायचो आणि अंगावर काटा यायचा. आजही आठवलं तरी येतो.

हे काय असेल, याचा निकाल मी स्वतःच लावून टाकला होता. राजा लढाई जिंकून नगरात शिरतोय. ढोल म्हणजे हत्तीची चाल, बासरी म्हणजे सज्ज्यातली राणी. सिनेमा गिरणीतल्या कामगारांचा आहे हे साऱ्या दापोडीला माहीत होतं, मलाही माहीत होतं, पण गिरणी कामगाराला स्वप्न पडत नाही असं थोडंच आहे. ताई म्हणायची, "अरे, एकदा आत जाऊन बघ की. तुझ्याएवढा मुलगा सिनेमा बघायचा नाही म्हणतो, हे ऐकलं नाही कधी." मी उत्तर द्यायचो, "चित्रं ज्यांना कान नाहीत त्यांच्यासाठी असतात." असली वाक्यं मी आदल्या दिवशी तयार करून ठेवत असे. ताई हसायची आणि सुईत दोरा ओवायला मला बसवायची.

ती धून मी दिवसभर शीळ घालून वाजवायचो. सकाळी अण्णा डबा सायकलला अडकवून निघाले, की मी दारात उभा राहून हमखास ढोलापासून सुरुवात करायचो. आई आतून कडाडायची, "बंद कर ते." मी विचारायचो, "का?" ती म्हणायची, "मला आवडत नाही म्हणून." सिनेमा तिने पाहिलेला होता, शेजारणींबरोबर. पण तिचा कान झोपाळ्यापुरताच आहे असं मानून मी तिला मनातल्या मनात माफ करून टाकलं होतं.

आता इथे अण्णांचा एक नियम सांगायला हवा. धम्म घेतल्यापासून त्यांनी घरातून देव्हाऱ्याबरोबर शकुन-अपशकुनही बाहेर काढले होते. ते निघताना कुणी शिंकलं, की नेमके त्याच क्षणी ते उंबरा ओलांडायचे. मांजर आडवं गेलं की त्याला "चल बाबा, तुला पण कामावर जायचं असेल," म्हणायचे. अपशकुन हा शब्द घरात कुणी उच्चारला, तर शिवी ऐकल्यासारखं बघायचे. त्यामुळे आईला काही खटकलं, तरी ते बोलून दाखवायची सोय नव्हती. मनातलं सगळं तिला "मला आवडत नाही" या एकाच वाक्यात बसवावं लागे.

ताईचं लग्न ठरलं ते पिंपरीच्या मुलाशी. मुलगा कंपनीत पर्मनंट, बोलायला सरळ, घरी विधवा आई आणि एक चुलते. ताईला तो मनापासून आवडला होता. ती तसं म्हणाली नव्हती, पण स्वतःची लग्नाची पांढरी साडी काठाला टाके घालून परत परत उसवत होती, त्यावरून मला कळलं. आधीची दोन स्थळं बोलणी होऊन मोडली होती, तेव्हापासून अण्णा लग्नाच्या गोष्टीत हळू आवाजात बोलायचे. मुहूर्त आमच्याकडे बघायचे नाहीत, शिफ्टचा तक्ता बघायचे. कारण वस्तीतला बँड सगळा कारखान्यातल्या माणसांचा. क्लॅरिनेट वाजवणारे गेनूमामा, आईचे चुलतभाऊ, पेंट शॉपला. ट्रम्पेट एका कंपनीत, मोठा ढोल दुसरीत. ज्याची दुपारपाळी असेल त्याचं वाद्य त्या आठवड्यात लग्नातून गायब, आणि काही बिचाऱ्या नवरदेवांची वरात नुसत्या ढोलावर आणि खुळखुळ्यावर निघालेली मी पाहिली आहे. ताईसाठी तिन्ही वाद्यं मोकळी असतील असा दिवस काढला. अण्णांनी मला बोलावून सांगितलं, "बबन, बँडचं तेवढं तू बघ. बाकी कशाला हात लावू नको." मला अख्खं लग्न सोपवल्यासारखं वाटलं.

मी तडक गेनूमामांकडे गेलो. बँडची तालीम पिंपळे गुरवच्या बाजूला नदीकाठी चालायची, कारण वस्तीत वाजवलं तर तिसऱ्या शिफ्टवाले दगड मारायचे. मी म्हणालो, "मामा, नवरदेव मांडवात शिरताना झोपाळ्याचं गाणं नको. ते काय, कुणीही वाजवतं. त्याच सिनेमातलं दुसरं सांगतो." आणि मी माऊथ ऑर्गनवर सगळी धून वाजवली, बसलेल्या सुरांच्या जागी मान हलवून. मामांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "हे त्या पिच्चरमधलं हाय? मी तर लई डाव बघितलाय."

"बघितलाय ना? मग ऐकलं नाही?"

"अरं, आमी गाण्यापुरते बसतो. गाणं झालं की भायेर. बिडी संपली, पुढचं गाणं आलं की पुन्यांदा आत."

ही त्यांची रीतच होती. सगळा बँड एका रांगेत बसायचा, गाणं डोक्यात घ्यायचा आणि एका रांगेत उठून चहाच्या टपरीवर जायचा. मधल्या गोष्टीशी त्यांना कर्तव्य नव्हतं. धंद्याला गाणी लागतात, गोष्ट लागत नाही. ढोलवाला तेवढा म्हणाला, "कुटं तरी कानावर पडलंय राव माज्या." मी म्हणालो, "पडणारच. थोर संगीत आहे." मामांनी एकदाच विचारलं, "हे कुटल्या शीनला हाय, बबन?" मी म्हणालो, "राजाच्या मिरवणुकीला." इतक्या खात्रीनं मी पुढे आयुष्यात फार थोड्या गोष्टी सांगितल्या. गेनूमामांनी धून उचलली, ट्रम्पेटला व्हायोलिनांचा चढ दिला, आणि नदीकाठी ते असं काही वाजलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकानं सिनेमा पाहिला नव्हता आणि दुसऱ्यानं तो ऐकला नव्हता, असे आम्ही दोघे एकमेकांची पाठ थोपटत घरी आलो. ही गोष्ट घरात कुणाला सांगायची नाही, असं मी सर्वांना बजावलं होतं.

लग्नाच्या सकाळी मांडवाच्या मागे बुंदी पडत होती, वांग्याची भाजी चुलाण्यावर रटरटत होती, आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून स्टेशनवर वऱ्हाडाला सामोरा गेलो होतो. विहारात वंदना झाली, आणि तिथून मांडवापर्यंत नवरदेवाला वाजतगाजत आणायचं ठरलं होतं. दुतर्फा सगळी वस्ती उभी. दोन नेहमीची गाणी झाली, पोरं नाचली. मांडव दिसू लागला तेव्हा मी मामांना खूण केली.

ढोल सुरू झाला. एक ठोका, मग दुसरा. नाचणारी पोरं आधी थांबली, ताल सापडेना म्हणून असेल असं मला वाटलं. मग क्लॅरिनेट लागलं, आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांनी एकेक करून टोप्या काढल्या. मला ती दाद वाटली. मी स्वतः, हे लिहायला आज लाज वाटते, दोन्ही हात वर करून बँडला हवेत वळणं देऊ लागलो, त्या जुन्या मासिकात सिंफनीच्या चित्रातला कोट घातलेला माणूस देतो तशी. पाठीमागे बाया रडत होत्या ते मला ऐकू येत होतं. बघा, मी मनात म्हणालो, सूर कुणालाही भिडतो. तेवढ्यात माझा वर केलेला हात कुणीतरी घट्ट धरला. नवरदेवाचे चुलते होते.

"काय वाजवायला लावलंय हे?"

"ऑर्केस्ट्रेशन," मी म्हणालो.

"मयताचं वाजवताय व्हय नवरदेवाला? गिरणीतनं त्या पोराचं मढं खांद्यावर आणत्यात, त्याच्या आयच्या दारात ठेवत्यात, तवाचं हाय हे. समद्या पिंपरीला म्हाईत हाय."

बँड थांबला. मांडवाच्या दारात अण्णा उभे होते, फुलांचं ताट धरलेली आई होती, आणि तिच्या मागे पांढऱ्या साडीत ताई. तिचा चेहरा साडीसारखाच झाला होता. चुलते अण्णांसमोर गेले. पंचाईत त्यांचीही होती, कारण धम्म त्यांनीही घेतलेला. ते म्हणाले, "आमी काय शकुन-बिकुन मानत न्हाई."

अण्णा म्हणाले, "आम्ही पण मानत नाही."

"ते खरं. पण मानत न्हाई म्हणून असलं वाजवायचं?"

"नाही, तसं कसं. पण मानत नसलो तर वाजलं म्हणून बिघडतंय काय?"

"बिघडत काय न्हाई. फकस्त परत जाऊन विचार करावा म्हन्तो."

दोघेही न मानणारे, आणि दोघांच्याही कपाळावर घामाच्या धारा. आई माझ्याजवळ येऊन दातावर दात ठेवून म्हणाली, "रोज सांगत होते, बंद कर ते." अण्णांनी वळून विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "आपण मानत नाही ना, मग काय सांगू?" रोज सकाळी बापाला कामावर जाताना मी काय वाजवून दाखवत होतो, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. ताईकडे बघायची माझी छाती होत नव्हती.

तेव्हा नवरदेवाची आई पुढे आली. बारीक अंगाची, डोक्यावरून पदर घेतलेली बाई. तिचं रडणं थांबलं नव्हतं, पण ते पुसायचीही तिला घाई नव्हती. चुलत्यांना ती म्हणाली, "भावजी, जरा सरा." मग गेनूमामांकडे बघून विचारलं, "का थांबवलं?"

मामा म्हणाले, "आक्का, चुकलं आमचं. पोरानं सांगितलं आन् आमी वाजवलं. गाणं लावतो लगीच."

"गाणं लावा मागनं. हे पुरं करा आदी." ती थोडी थांबली. "ह्याच्या बापाला कारखान्यातनं आणला, तवा कायबी वाजलं न्हाई. टेम्पोचा आवाज तेवढा. पोरगं ह्ये एवढं होतं, दारात हुबं." तिने नवरदेवाकडे हात केला. "पिच्चरमधी तिथं आलं की मी तोंडावर पदर घेते, पर उठून जात न्हाई. कुनाच्या तरी मागं वाजतंय, म्हन्ते. आज त्यो असता तर वरातीत पुढं चालला आसता. त्याच्यासाठी वाजलं म्हना. वाजवा."

गेनूमामांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं. ढोल पडला. नवरदेव त्या चालीवर आईचा हात धरून सावकाश मांडवापर्यंत चालत आला, आणि व्हायोलिनांची ती चढण ट्रम्पेटने घेतली तेव्हा अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. शेवटचा ठोका झाला. मग मामांनी डोळे पुसले आणि झोपाळ्याचं गाणं असं काही लावलं, की त्या चुलत्यांनाच पोरांनी ओढून नाचायला नेलं. लग्न लागलं. बुंदी थोडी कमी पडली. माझ्या वाट्याला आलीच नाही, आणि मी मागितलीही नाही.

ताईचा संसार चांगला झाला, म्हणून ही गोष्ट आमच्याकडे हसत सांगता येते. परवा नातीनं तो सिनेमा मोबाईलवर शोधून दिला. त्याची सगळी गाणी तिथे आहेत, खाली लोकांनी आठवणी लिहिल्या आहेत. त्या जागेबद्दल कुणी एक ओळ लिहिलेली नाही. रेकॉर्ड निघाली तेव्हाही तिच्यात गाणीच होती. ते वाजवणारी माणसं कोण, बासरीवर कोण होतं, मला आजवर कळलेलं नाही. दुर्लक्षित संगीत म्हणून मी त्यावर भाषणंही ठोकली आहेत, दोन-चार माणसांपुढे. पण खरं बघता त्या सकाळी रस्त्यावरच्या शेकडो लोकांना दोन ठोक्यांत ते ओळखू आलं होतं. गुणगुणता त्यातल्या एकालाही आलं नसतं. ऐकलं नव्हतं ते फक्त मी, जो भिंतीला पाठ लावून रोज ऐकत होतो.

लग्नानंतरच्या रविवारी ताई आणि भाऊजी जेवायला आले. जेवण झाल्यावर भाऊजी म्हणाले, "चला, आता मेहुण्यांना पिच्चर दाखवू या." अण्णाही उठले, हे नवलच होतं. तीनच्या खेळाला आम्ही चौघे आत गेलो. मी मनाशी पक्कं केलं होतं की गोष्टीत अडकायचं नाही, ती जागा आली की डोळे मिटायचे आणि बासरी कुठून सुरू होते, ट्रम्पेट आहे की नाही, सगळं टिपून घ्यायचं. इंटरव्हल झाला. पुढे गिरणीचं फाटक उघडलं, आणि चार माणसं खांद्यावर काहीतरी घेऊन बाहेर आली. मागे सगळे कामगार, डोक्यावर टोप्या नसलेले, हातात डबे. त्यांतला एक डबा अण्णांच्या डब्यासारखा होता. तसले डबे सगळ्यांकडेच असतात. वाट लांब होती. चाळीच्या दारात एक बाई गहू निवडत होती, तिने मान वर केली. डोळे मिटायचं मला सुचलं नाही. शेजारी अण्णा बसले होते, त्यांच्या कपड्यांना फोर्जच्या तेलाचा वास येत होता, जो धुऊन कधी जायचा नाही, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली की एखाद्या दिवशी हा माणूस घरी चालत येणार नाही.

बाहेर उन्हात आल्यावर भाऊजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "काय राव, कसं वाटलं तुमचं म्युझिक?"

मी विचारलं, "कधी वाजलं?"

त्यांना वाटलं, थट्टा करतोय. ते आणि ताई हसत पुढे गेले. अण्णा माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चल, उद्या पहिली शिफ्ट आहे." मी त्यांचा हात धरला. मिसरूड फुटलेला घोडा, भर बाजारातून बापाचा हात धरून निघालेला. बघणारे बघत होते. अण्णांनी हात सोडवून घेतला नाही.